एका शहराचे दोन इतिहास विभाग

रायपूरच्या पूर्वेला, महासमुंदच्या वाटेवर, आरंग नावाचे जुने गाव आहे. या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ताम्रपटांपैकी दोन शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला शरभपुरीय राजा जयराजाचा, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातला. त्याची भाषा संस्कृत आहे, अक्षरांच्या माथ्यावर पेटीसारखे चौकोन आहेत आणि मजकूर पूर्वराष्ट्र नावाच्या प्रदेशातले एक गाव ब्राह्मणाला दिल्याचा आहे. दुसरा ताम्रपट रायपूरच्या कलचुरी शाखेचा अखेरचा राजा अमरसिंह याचा, विक्रम संवत १७९२ मधला, म्हणजे इसवी सन १७३५ चा. तो हिंदीत आहे आणि त्यात एका घराण्याला दिलेल्या सवलती नोंदवल्या आहेत. त्यानंतर सहाच वर्षांनी, १७४१ मध्ये, नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत कोल्हटकर कलचुरींच्या दुसऱ्या शाखेच्या राजधानीवर, रतनपुरावर, चालून आला आणि छत्तीसगड मराठ्यांच्या हिशेबवहीत आले. म्हणजे पुण्यात पेशव्यांचे दफ्तर कागदावर धावत होते त्या काळात इथला राजा आपला शब्द तांब्यावर कोरून देत होता. पण आजच्या विद्यापीठात या दोन पत्र्यांचे विद्यार्थी वेगवेगळ्या वर्गांत बसतात. पहिला पत्रा वाचणाऱ्याला दुसरा ‘उशिरा’चा वाटतो. दुसऱ्याच्या काळाचा अभ्यास करणाऱ्याला तांबे वाचण्याची सवय नसते, तो कागद शोधत असतो.

रायपूरचे विद्यापीठ १९६४ साली स्थापन झाले. त्याआधी इथली महाविद्यालये सागर विद्यापीठाशी आणि त्याही आधी नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. पंडित रविशंकर शुक्ल यांचे नाव असलेल्या या विद्यापीठात इतिहासाची दोन घरे आहेत. एक ‘प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व’ आणि दुसरे नुसते ‘इतिहास’. ही मांडणी रायपूरने शोधलेली नाही. कलकत्ता विद्यापीठात आशुतोष मुखर्जींच्या काळात, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, प्राचीन भारताचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग उभा राहिला आणि पुढे बनारस, अलाहाबाद, सागर, नागपूर अशी ती पद्धत पसरली. त्यामागे चांगले कारण होते. ब्राह्मी वाचायची, नाणी ओळखायची, उत्खननाचे थर समजून घ्यायचे तर वेगळे प्रशिक्षण लागते, आणि ते देण्याची जागा तेव्हाच्या इंग्रजी वळणाच्या इतिहास विभागांत नव्हती. पण या विभागणीच्या खाली आणखी जुनी एक रेघ होती. जेम्स मिलने १८१७ मध्ये भारताचा इतिहास हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश अशा खणांत बसवला आणि नावे बदलून, प्राचीन-मध्ययुगीन-आधुनिक या कपड्यांत, तेच खण आपल्या अभ्यासक्रमांत राहिले. या रेषा किती सोयीपुरत्या असतात ते पाहायचे तर ऑक्सफर्डकडे पाहावे. तिथे ‘आधुनिक’ इतिहासाची सुरुवात बराच काळ रोमन सम्राट डायोक्लीशनच्या काळापासून धरत. त्याच ऑक्सफर्डमध्ये प्राचीन आणि आधुनिक इतिहास एकत्र शिकण्याची स्वतंत्र पदवीही आहे. माझे म्हणणे असे की छत्तीसगडसारख्या प्रदेशाला अशा जोडअभ्यासाची गरज ऑक्सफर्डपेक्षा कितीतरी जास्त आहे, कारण इथला महत्त्वाचा पुरावा नेमका त्या रेघेवरच पडलेला आहे.

ब्राह्मणपाऱ्याचेच पाहू. जुन्या रायपुरात, आझाद चौकाला लागून, कंकालीपारा, बूढापारा, सदर बाजार यांच्या सोबतीने ही वस्ती (इथल्या बोलीत ‘पारा’) आहे. आधुनिक इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती ठाऊक असते ती स्वातंत्र्यलढ्यामुळे आणि ज्याच्याशी गांधीजींच्या रायपूरभेटीची आठवण जोडलेली आहे त्या आनंद समाज वाचनालयामुळे. त्याच्या दृष्टीने पाऱ्याचा इतिहास विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू होतो. पण ब्राह्मण घरे इथे कशाच्या आधारावर वसली, त्यांचे पोट कशावर चाले, गावोगावच्या जमिनींशी त्यांचा संबंध कसा आला, हे प्रश्न वाचनालयाच्या नोंदींत सुटत नाहीत. रायपुरातले ब्राह्मण एका ठिकाणाहून आणि एका वेळी आलेले नाहीत. सरयूपारीण, कान्यकुब्ज आणि महाराष्ट्रीय घराण्यांचे येणे वेगवेगळ्या राजवटींना धरून झाले, आणि प्रत्येक राजवटीने त्यांना दिलेली मुख्य वस्तू एकच होती: जमिनीवरचा हक्क, बहुधा करमुक्त. जयराजाचा पत्रा गावकऱ्यांना बजावतो की या ब्राह्मणाचे ऐकावे आणि भोग-भाग त्याला रीतसर पोचवावा. पाचशे वर्षांनी कलचुरी राजा पहिला पृथ्वीदेव १०७९ मध्ये ब्राह्मणाला गाव देतो, त्याचाही साचा ओळखीचा आहे. भोसल्यांच्या अमलात इनामे आणि माफी, म्हणजे करमाफ, जमिनी आल्या. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी माफीच्या सनदा तपासायला घेतल्या आणि १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्यांना, जमिनीचे मालकी हक्क दिले. चौदा शतकांच्या या एका धाग्याचे आपण तीन तुकडे करून तीन परीक्षांना लावतो.

इथे कोणी म्हणेल की हा धागा म्हणजे भास आहे. पाचव्या शतकातले ‘ब्राह्मणाला दिलेले गाव’ आणि एकोणिसाव्या शतकातली ‘माफी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना एका ओळीत बसवणे म्हणजे भारत बदलतच नाही या इंग्रज अधिकाऱ्यांच्या समजुतीला पुन्हा जागे करणे. हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, कारण तो खराच घडलेला दोष दाखवतो. चार्ल्स मेटकाफने १८३० मध्ये खेड्यांना न बदलणारी छोटी प्रजासत्ताके म्हटले आणि ते वाक्य शंभर वर्षे भल्याभल्यांच्या लेखणीतून फिरत राहिले. छत्तीसगडातही तसे घडले. इथल्या गावांत ‘लाखाबाटा’ नावाची चाल होती. काही वर्षांनी गावाच्या जमिनी पुन्हा एकत्र करून शेतकऱ्यांत नव्याने वाटायच्या, म्हणजे चांगल्या-वाईट जमिनीचा वाटा सारखा पडे. जमाबंदी अधिकाऱ्यांना तीत आदिम सामूहिक मालकीचा अवशेष दिसण्याचा मोह होणे साहजिक होते. पण माणसे कमी, जमीन मुबलक आणि कर गावावर एकत्रित आकारलेला, अशा अठराव्या शतकातल्या परिस्थितीतही तशी चाल पडू शकते. यातले कोणते खरे, किंवा दोन्हींचा किती किती वाटा, हे ठरवायला मराठा अमलाचे हिशेब कळावे लागतात आणि शरभपुरीय ते कलचुरी दानपत्रांत शेत, वाटा, सीमा यांबद्दल काय म्हटले आहे तेही माहीत असावे लागते. फक्त एक बाजू माहीत असलेला माणूस ‘हे फार पुरातन’ किंवा ‘हे सगळे कालचे’ यांपैकी एका उत्तरावर घसरतो. तेव्हा खोट्या सातत्यावरचा उतारा दोन्ही काळ एकत्र वाचण्यातच आहे. वेगवेगळे शिकलेले लोकच सातत्याच्या गोष्टी सर्वांत सहज सांगतात, कारण ज्या काळाबद्दल बोलायचे त्याचा पुरावा त्यांनी हाताळलेला नसतो.

छत्तीस गडांच्या व्यवस्थेची गोष्ट याच जातीची आहे. शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपुराचे अठरा गड आणि दक्षिणेला रायपूरचे अठरा, प्रत्येक गडाखाली चौऱ्याऐंशी गावे, त्याखाली बारा-बारा गावांचे बरहों, हे चित्र शाळेतले मूल पाठ करते. हे चित्र आले कुठून? बिलासपूरचा जमाबंदी अधिकारी चिझम याने १८६८ च्या अहवालात रतनपूरच्या कल्याणसाय राजाच्या काळातल्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या, हिशेबवहीचा आधार घेतला. १९१९ मध्ये सी. यू. विल्स याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मध्ययुगीन छत्तीसगडच्या प्रादेशिक रचनेवर दीर्घ लेख लिहिला, तोही याच पायावर. म्हणजे मध्ययुगीन राज्याचे आपले ज्ञान एका इंग्रज जमाबंदी अधिकाऱ्याच्या नजरेतून गाळून आलेले आहे, आणि त्याला जमाबंदीसाठी नीटनेटके, आकड्यांत बसणारे प्रांत हवेच होते. चिझमला काय हवे होते हे एकोणिसाव्या शतकाचा अभ्यासक ओळखतो. चौऱ्याऐंशी हा आकडा देशभरच्या जुन्या लेखांत कसा ठरावीक संख्या म्हणून येतो, हे प्राचीन लेखांचा अभ्यासक ओळखतो. दोघे एका टेबलाशी बसले नाहीत तर पाठ्यपुस्तकात चौऱ्याऐंशीचा आकडा मोजणी म्हणून छापला जात राहील.

प्राचीन म्हटलेला पुरावा आधुनिक हातांतून आल्याची याहून बोलकी साक्ष रायपूरच्याच महंत घासीदास संग्रहालयात उभी आहे. राजनांदगावच्या राजाने १८७५ मध्ये उभारलेले हे संग्रहालय देशातल्या जुन्या संग्रहालयांत मोडते. तिथे किरारीचा लाकडी खांब आहे. साधारण इसवीच्या दुसऱ्या शतकातला, प्राकृतात कोरलेला हा खांब १९२१ मध्ये हिराबंध तलावाच्या गाळातून वर आला. त्यावर नगररक्षक, सेनापती, गणक, भांडागारिक, हत्ती-घोड्यांचे स्वार, मुदपाकखान्याचा अधिकारी अशी राजदरबारातल्या अधिकाऱ्यांची यादी होती. ‘होती’ असे म्हणावे लागते, कारण शतकानुशतके पाण्याखाली टिकलेले लाकूड उन्हात वाळले तसे त्याचे पापुद्रे निघाले आणि बरीचशी अक्षरे गेली. मजकूर उरला तो लक्ष्मीप्रसाद उपाध्याय नावाच्या स्थानिक पंडिताने अक्षरे दिसतात तशी उतरवून घेतली म्हणून. पुढे हिरानंद शास्त्रींनी तो एपिग्राफिया इंडिकात प्रसिद्ध केला. दुसऱ्या शतकातल्या राज्यकारभाराबद्दलचे आपले ज्ञान म्हणजे विसाव्या शतकातल्या एका पंडिताच्या हातची नक्कल. तो का धावला, एका खेड्यातल्या पंडिताला अनोळखी अक्षरांचे एवढे मोल का वाटले, हा प्रश्न आधुनिक इतिहासाचा आहे. आणि त्याच्या नकलेवर किती विसंबायचे हा प्रश्न प्राचीन इतिहासाचा. एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून अपुरे राहते. राजीम गावचा, तीवरदेव राजाचा ताम्रपटही तसाच, नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने १८२५ मध्ये एशियाटिक रिसर्चेसमध्ये पुढे आणलेला. दोन वर्षांनी, १८२७ मध्ये, याच जेंकिन्सचा नागपूरच्या राज्यावरचा महसुली अहवाल छापला गेला. जुने लेख जमवणे आणि मुलखाचा आकार मोजणे ही त्याच्या दृष्टीने एकाच कारभाराची दोन कामे होती. आपण मात्र पहिल्यासाठी त्याला प्राचीन विभागात आणि दुसऱ्यासाठी इतिहास विभागात भेटतो.

दोन काळ एकत्र वाचल्याने नुसती माहिती वाढते असे नाही, निष्कर्षच बदलतो. याचे उदाहरण राजीम आणि खल्लारी यांच्यामध्ये सापडते. राजीमचे राजीवलोचन मंदिर प्राचीन विभागाला प्रिय आहे. तिथे नलवंशी विलासतुंगाचा आणि कलचुरी संवत ८९६ मधला, म्हणजे ११४५ चा, जगपालदेवाचा असे दोन शिलालेख आहेत. हेच राजीम आधुनिक विभागालाही प्रिय आहे, पण वेगळ्या कारणाने. जवळच्या चमसूर गावचे पंडित सुंदरलाल शर्मा, जन्माने ब्राह्मण, यांनी १९२५ मध्ये अस्पृश्य मानलेल्या लोकांना या देवळात नेण्याचा लढा दिला. आता खल्लारीचा शिलालेख पाहा. रायपूरच्या कलचुरी शाखेतल्या हरिब्रह्मदेवाच्या काळातला, १४१५ चा. त्यात देवपाल नावाच्या मोच्याने नारायणाचे मंदिर बांधल्याचे संस्कृतात नोंदवले आहे. त्याची जात लपवलेली नाही, ती अभिमानाने किंवा निदान निःसंकोचपणे लिहिली आहे. फक्त १९२५ वाचणारा विद्यार्थी असे धरून चालतो की देवळाचा दरवाजा चर्मकाराला अनादिकाळापासून बंद होता आणि सुधारकांनी तो पहिल्यांदा ठोठावला. फक्त १४१५ वाचणारा म्हणतो की जुने छत्तीसगड उदार होते, बिघाड नंतरचा. दोघांनाही आपापल्या विभागात चांगले गुण मिळतील. पण खरा प्रश्न या पाचशे वर्षांच्या मध्ये आहे: १४१५ मध्ये ज्या जातीच्या माणसाला देऊळ बांधून आपले नाव दगडावर कोरवून घेता आले, त्या प्रकारच्या जातींना पुढे देवळाबाहेर कोणी, कधी आणि कोणत्या आर्थिक बळावर ठेवले? की देवपालही आपण बांधलेल्या देवळाच्या गाभाऱ्यात जात नसे? गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांचा (१७५६–१८३६) सतनाम पंथ याच मधल्या काळात, मराठा अमलात उभा राहिला, आणि त्याने देवळाकडेच पाठ फिरवली. या प्रश्नाला हात घालायचा तर कलचुरी लेख, भोसल्यांचा महसूल, सतनामींची परंपरा आणि विसाव्या शतकातली वर्तमानपत्रे एकाच माणसाच्या नाही तरी एकाच चर्चेच्या आवाक्यात असली पाहिजेत. विद्यापीठातल्या रेघेने हा काळ कोणाच्याच वाट्याला येऊ दिलेला नाही. प्राचीन विभाग साधारण तेराव्या शतकाशी थांबतो आणि आधुनिकचा जोर इंग्रजांचा हात लागल्यावर, म्हणजे १८१८ किंवा १८५४ नंतर लागतो. मधले अमरसिंह आणि देवपाल पोरके.

व्यवहारी माणसाचा आक्षेप राहतोच. संस्कृत, प्राकृत, ब्राह्मी, पेटिकाशीर्ष अक्षरे, नाणी, शिवाय मोडी, फारसी आणि इंग्रजी दफ्तरे, हे सगळे दोन वर्षांच्या एम. ए. मध्ये कोणाला येणार? सर्वांचा थोडा थोडा परिचय म्हणजे कशातच तयारी नाही. हे म्हणणे निम्मे बरोबर आहे. वेगळ्या विभागांशिवाय सिरपूरच्या प्राचीन नगराचे उत्खनन झाले नसते. पन्नाशीच्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी तिथे जे बाहेर काढले ते थर वाचण्याची तालीम असलेल्या माणसाचे काम होते. पण प्रत्येकाने सगळ्या लिप्या शिकाव्यात अशी मागणी कोणी करत नाही. मागणी एवढीच आहे की एका लिपीत तयार झालेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या काळाचे प्रश्न ठाऊक असावेत. आणि आपल्याकडची मोठी माणसे तशीच होती. वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडामागून खंड छापली, आणि महिकावतीची बखर संपादताना प्रस्तावनेत ते कोकणच्या वसाहतीच्या मुळापर्यंत गेले. त्यांचे काही निष्कर्ष आज टिकत नाहीत, पण ते चुकले तेही दोन्ही काळ एका दमात पाहण्याच्या धाडसातून, आणि त्या चुका पुढच्यांना तपासता आल्या. गोव्यात जन्मलेले दा. ध. कोसंबी मूळ गणिती. पुण्याच्या आसपासच्या मावळातली आजची दैवते, जत्रा आणि चालीरीती पायी फिरून पाहायचे आणि त्यांच्या प्रकाशात प्राचीन ग्रंथ व लेणी वाचायची, ही त्यांची रीत होती. १९५६ च्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या प्रस्तावनापर ग्रंथाने प्राचीन भारताच्या अभ्यासाची दिशा पालटली, आणि ती विभागांच्या बाहेरून पालटली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यात मराठी वाचकाचाही हिशेब आहे. छत्तीसगडचा प्राचीन इतिहास ज्याच्यावर उभा आहे तो कलचुरी-चेदी लेखांचा खंड वा. वि. मिराशी यांनी १९५५ मध्ये संपादित केला. ते नागपूरला मॉरिस कॉलेजात शिकवत, मराठीत लिहीत, आणि कलचुरींवरचे त्यांचे पुस्तकही मराठीत आहे. तरी आपल्या सर्वसाधारण इतिहासवाचनात छत्तीसगड उगवते ते भास्करपंतांच्या स्वारीपासून आणि मावळते ते नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ रतनपुरात राहून राज्य करत होते, मोडी लिपी इथे त्यांच्या कारभाराबरोबर रुळली असे इथले लोक सांगतात, आणि १८१८ नंतर इंग्रज अधिकारी कर्नल अॅग्न्यूने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरात हलवले नसते तर आज राजधानी कुठे असती हा प्रश्न पडतो, एवढी आपली माहिती. हाही अर्धा अभ्यासच. रायपूरच्या विद्यार्थ्याची अडचण याच्या उलट आहे. मराठा काळाची मोडी कागदपत्रे वाचणारे हात त्याच्या गावात विरळ, आणि नागपूर-पुण्याकडे तसे हात असले तरी त्यांना कलचुरी गड, बरहों, गौंटिया (गावप्रमुख) हे शब्दच परके. प्रभुलाल मिश्र यांनी १९७९ मध्ये १७४० ते १८५८ या काळाचा राजकीय इतिहास लिहिला, आणि त्याआधी १९७३ मध्ये प्यारेलाल गुप्तांचे ‘प्राचीन छत्तीसगड’ रायपूरच्या विद्यापीठानेच प्रसिद्ध केले. या दोन पुस्तकांवर मिळून एक प्रश्नपत्रिका काढायला नवा विभाग, नवी इमारत किंवा नवे अनुदान लागत नाही. दोन्ही विभागांच्या अभ्यास मंडळांची एक संयुक्त बैठक लागते, आणि त्या प्रश्नपत्रिकेचा एक भाग १४०० ते १८१८ या काळाचा ठेवला तर मोडीचा पाठ घ्यायला नागपूरचा शिक्षक रायपूरला बोलवावा लागेल.